चार बाटल्या आणि हरवलेला वास

माझ्या देवघराशेजारच्या फळीवर गडद तपकिरी काचेच्या चार लहान बाटल्या ठेवलेल्या आहेत. एकीत लवंगेचे तेल आहे, दुसरीत निलगिरीचे, तिसरीत लिंबाच्या सालीचे, आणि जिच्या चिठ्ठीवर मी स्वतःच्या हाताने ‘गुलाब’ असे लिहिले आहे त्या चौथीत रोशा गवताचे तेल आहे. रोज सकाळी चहापूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी मी त्या एकेक करून उघडते, कापसाच्या बोळ्यावर घेतलेला थेंब नाकापासून दोन बोटे दूर धरते, दहा-पंधरा सेकंद हलका श्वास घेते आणि मग पुढच्या बाटलीकडे वळते. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. सुगंधी तेले आणि घरातल्या औषधी वनस्पती यांचा रोजच्या आयुष्यात काय उपयोग होतो, याबद्दल मला जे काही कळले आहे त्याची सुरुवात या पाच मिनिटांपासून झाली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, पुण्यात दुसरी लाट भरात असताना, मला करोना झाला. ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी माठातले पाणी प्यायले आणि ते मला नुसते गार लागले, त्यात वाळ्याचा वास नव्हता. आमच्याकडे गुढीपाडव्यानंतर माठात वाळ्याची जुडी सोडण्याची पद्धत आहे आणि त्या वर्षीही सासूबाईंनी ती सोडलेली होती. मी झाकण काढून जुडी हातात घेतली, नाकाशी धरली, मुठीत चुरगळली, तरी काहीच जाणवले नाही. मग फडताळातला हिंगाचा डबा उघडला, कापराची वडी फोडली, लसूण ठेचून पाहिला. प्रत्येक वस्तूचा रंग आणि स्पर्श होता तसाच होता, पण तिची ओळख पटवणारी गोष्ट नाहीशी झाली होती. पुढच्या आठवड्यात दूध उतू जाऊन, करपून, पातेले काळे पडेपर्यंत मी शेजारच्या खोलीत बसून राहिले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो आणि गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात, हे मी शाळेत शिकले होते. आपल्याला तो वास येणारच नाही हे लक्षात आल्यावर मात्र मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

बऱ्याच जणांचा वास दोन-चार आठवड्यांत परत आला. माझा आला नाही. जून संपत आला तेव्हा मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषधापेक्षा अभ्यास जास्त सांगितला, आणि तो शब्दशः अभ्यासच होता. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे घ्यायला लावले होते. ज्यांनी हा सराव केला त्यांच्या घ्राणशक्तीत सुधारणा दिसली, आणि ज्यांनी केला नाही त्यांच्यात ती दिसली नाही. हे चार वास निवडण्यामागेही विचार होता. हान्स हेनिंग या मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये वासांची जी वर्गवारी मांडली होती, तिच्यातील फुलांचा, राळेचा, फळांचा आणि मसाल्याचा अशा चार गटांचे ते प्रतिनिधी आहेत.

डॉक्टरांनी कागदावर नाकाची आकृती काढून मला समजावले की हा विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर मुख्यतः हल्ला करतो, आणि आधार ढासळला की चेतापेशींचे काम थांबते. या चेतापेशींची एक गोष्ट विलक्षण आहे: शरीरातील बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, पण नाकाच्या छतावरील या पेशी मुळाशी असलेल्या पेशींपासून आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. नव्या पेशींना मेंदूशी आपले धागे पुन्हा जुळवावे लागतात आणि रोजच्या सरावाने त्या जुळणीला मदत होते, असे मानले जाते. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूच्या मधल्या एका ठाण्यावरून पुढे जाते. वास मात्र त्या ठाण्याला वळसा घालून थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जाऊन भिडतो. वास ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांच्या जनुकांचा शोध लावणारे रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटले होते. आता तीच माहिती मी शोधून शोधून वाचत होते.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी चार तेले मागायला गेले तेव्हा लवंग, निलगिरी आणि लिंबू लगेच मिळाले. गुलाबाच्या तेलाची किंमत ऐकून मी गप्प झाले. किलोभर अस्सल गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात, त्यामुळे ते स्वस्त असूच शकत नाही; आणि कुठे स्वस्त मिळत असेल तर त्या बाटलीत गुलाब नाही असे खुशाल समजावे. त्या प्रामाणिक दुकानदाराने मला रोशाचे तेल दिले आणि म्हणाला, “ताई, गुलाबाचा चुलतभाऊ आहे, चालेल तुम्हाला.” बाजारात ज्याला पामारोझा म्हणतात ते हेच तेल. गवती चहाच्या जातकुळीतल्या या गवतात जिरॅनिऑल नावाचा घटक फार मोठ्या प्रमाणात असतो आणि तोच गुलाबातही असतो, म्हणून दोघांचा वास जवळचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड, बैतूल, एलिचपूर या भागांत हे गवत डोंगरउतारावरच भट्ट्या लावून उकळत आणि तेल मुंबई बंदरातून जहाजाने तांबड्या समुद्राकडे जात असे. तिथून ते कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे आणि बल्गेरियाच्या गुलाबतेलात भेसळ म्हणून मिसळले जाई. सातपुड्याच्या पायथ्याचे गवत युरोपात गुलाब म्हणून विकले जात होते हे वाचल्यावर मी घरी येऊन बाटलीवर ‘गुलाब’ अशी चिठ्ठी लावली, आणि ती अजून तशीच आहे.

पहिले पाच आठवडे मला काहीही आले नाही, आणि हे मुद्दाम लिहिते, कारण याच काळात बहुतेक जण सराव सोडून देतात. निलगिरीची बाटली उघडली की नाकात गारवा जाणवे आणि लवंगेने किंचित चुरचुरे. मला वाटले वास परत आला, पण डॉक्टर म्हणाले की ही जाणीव चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूची आहे, वासाची नाही. सहाव्या आठवड्यात एका रात्री लवंगेच्या बाटलीतून क्षणभर, अगदी पुसट, दाताच्या दवाखान्यासारखे काहीतरी आले आणि गेले. लवंगेतील युजेनॉल दंतवैद्य वर्षानुवर्षे वापरत आले आहेत, तेव्हा मला आलेली ती आठवण चुकीची नव्हती. त्यानंतरचे दोन महिने मात्र सर्वांत कठीण गेले, कारण वास परतले ते वेडेवाकडे होऊन. कांद्याच्या फोडणीला कुजकट दर्प येई, कॉफी जळक्या रबरासारखी लागे, आणि ज्या घरात मी तीस वर्षे स्वयंपाक केला तिथे मला दही-भातावर दिवस काढावे लागले. हे विकृत वास सुधारण्याच्या वाटेवरचेच असतात, असे सांगून डॉक्टरांनी धीर दिला नसता तर मी बाटल्या उचलून ठेवल्या असत्या.

लिंबू ऑक्टोबरात आले आणि गुलाब सर्वांत शेवटी, दिवाळीच्या पहाटे आले. त्या दिवशी उटणे भिजवताना वाटीतून आधी नागरमोथा वर आला, मग वाळा, मग गव्हला-कचोरा, आणि मी हातातली वाटी खाली ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले. आंबेहळद, चंदन, कापूरकाचरी असा एकेक घटक मला सुटा ओळखता येत होता. आजार होण्यापूर्वी उटण्याला माझ्या लेखी एकच वास होता, ‘दिवाळीचा’. चार वेगवेगळ्या वासांवर रोज लक्ष देण्याच्या सवयीमुळे मला पूर्वीपेक्षा अधिक वास येऊ लागले होते की मी पहिल्यांदाच नीट लक्ष देत होते, हे मला सांगता येत नाही, पण दुसरी शक्यताच मला अधिक पटते.

तेव्हापासून या तेलांविषयी मी पुष्कळ वाचले आणि वापरूनही पाहिले. ‘इसेन्शियल ऑइल’चे भाषांतर ‘आवश्यक तेल’ असे जे सर्रास केले जाते ते चुकीचे आहे. तो शब्द ‘इसेन्स’, म्हणजे अर्क, यावरून आला आहे आणि गरजेशी त्याचा काही संबंध नाही. त्याला सुगंधी तेल किंवा अर्कतेल म्हणणे योग्य. बहुतेक वेळा वनस्पतीतून वाफ सोडून ती वाफ गार केली की पाण्यावर जो तेलकट तवंग जमतो तो म्हणजे हे तेल. लिंबूवर्गीय फळांचे तेल मात्र साल दाबून काढतात. कनौजमध्ये आजही तांब्याची देग, बांबूची नळी आणि पाण्यात बसवलेला भपका अशा जुन्या पद्धतीने अत्तरे गाळली जातात, आणि तिथे पहिल्या पावसाचा वास देणारे मातीचे अत्तरसुद्धा तयार होते. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला तो रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने, १९३७ च्या आपल्या पुस्तकाने. प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचा हात भाजला आणि तो चुकून लव्हेंडरच्या पिंपात बुडून बरा झाला, अशी कथा सगळीकडे सांगितली जाते. त्यांनी स्वतः लिहिले आहे ते वेगळे: जखमा चिघळू लागल्यावर त्यांनी त्या लव्हेंडरच्या अर्काने जाणूनबुजून धुतल्या होत्या. दंतकथेपेक्षा हे खरे वर्णन मला अधिक आवडते, कारण त्यात एका जाणकाराने विचारपूर्वक केलेली कृती आहे.

वासाने रोग बरे होतात असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे असे मला मनापासून वाटते. माझ्यापुरते मला एवढेच दिसले आहे की, ठरावीक वेळी ठरावीक वास घेतला की श्वास आपोआप संथ होतो आणि मन ज्या गोष्टीभोवती फिरत होते तिथून थोडे बाजूला येते. रात्री उशीपासून हातभर अंतरावर, रुमालावर टाकलेला लव्हेंडरचा एक थेंब मला पुरतो. हे लव्हेंडर आता आपल्याच देशात, जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहच्या आसपास पिकते, आणि मका सोडून तिकडे वळलेल्या शेतकऱ्यांच्या हातचे तेल वापरताना मला समाधान वाटते. झोप लागते ती लव्हेंडरने की दिवा मालवून पाच मिनिटे शांत बसल्याने, याचा हिशेब मी मांडत नाही.

खरे तर रोजच्या वापरासाठी बाटलीपर्यंत जाण्याची गरजच फार कमी वेळा पडते. दारातल्या कुंडीतला गवती चहा, पुदिना, तुळस आणि मरवा एवढ्यावर आमचे घर वर्षातले आठ महिने चालते. सर्दीने नाक चोंदले की तव्यावर कोरडा भाजलेला ओवा पातळ सुती फडक्यात बांधून केलेली पुरचुंडी हुंगावी. ओव्याचा जो तिखट, उबदार वास येतो तो त्यातील थायमॉलचा असतो. काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे पांढरे खडे मिळतात ते म्हणजे हेच थायमॉल, आणि ‘पुदिन्याचे फूल’ म्हणजे मेंथॉल. माझे वडील ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून बूच लावून ठेवत, आणि आम्हा मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांचे पाणी होई. त्यात थेंबभर पाणी घातलेले नसे. हे पदार्थ एकत्र आले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो, म्हणून ते आपोआप पातळ होतात. अमृतधारा म्हणून घरोघरी जी बाटली असे ती हीच. लहानपणी मला तो चमत्कार वाटे आणि कारण कळल्यावरही माझे त्यावरचे प्रेम कमी झालेले नाही. प्रवासात बस लागली की मी ती बाटली नुसती उघडून हुंगते; पोटात मात्र घेत नाही.

पोटात घेण्याच्या बाबतीत मी फार कठोर आहे आणि त्याबद्दल घरात माझे वादही झाले आहेत. किलोभर पाने उकळून जे काही थेंब हाती येतात, त्यांत त्या सगळ्या पानांचा जोर असतो. तेव्हा कपभर गवती चहा पिणे आणि गवती चहाचे तेल पिणे यांत चिमूटभर मीठ आणि मूठभर मीठ यांच्याइतका फरक आहे. निलगिरीचे तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी झटके येऊ शकतात, आणि कापराचेही तसेच आहे. आमच्या नात्यातल्या एका तान्ह्या बाळाला सर्दी झाली म्हणून मोठ्या माणसांनी अतिशय मायेने त्याच्या झबल्याला कापूर आणि निलगिरीची पुरचुंडी अडकवली होती. बाळ मलूल झाले म्हणून रात्री दवाखान्यात न्यावे लागले, आणि तिथल्या डॉक्टरांनी ती पुरचुंडी सर्वांत आधी काढून टाकली. बाळ सुखरूप राहिले, पण त्या रात्रीनंतर आमच्या घरात दोन वर्षांखालील मुलाजवळ कापूर किंवा निलगिरी न्यायची नाही, असा नियम झाला. बाळाला शेकताना ओवा आणि बाळंतशेपांची धुरी देण्याची पद्धतही मी माझ्या सुनेच्या बाळंतपणात थांबवली. सुगंध निराळा आणि धूर निराळा, आणि तान्ह्या फुप्फुसांना धूर मानवत नाही. याच कारणाने देवापुढे दिवसभर उदबत्ती जळत ठेवणेही मी बंद केले असून तिच्या जागी तबकात सोनचाफा किंवा मरव्याची काडी ठेवते.

अंगाला लावायचे असेल तर हे तेल कधीही नुसते लावू नये. तीस मिलिलीटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पाच-सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, एवढे प्रौढ माणसाला पुरते, आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहिल्यावरच. गवती चहा आणि लवंग यांच्या तेलांनी अनेकांची त्वचा लाल होते. दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास कातडीवर डाग पडू शकतात. तेले जुनी झाली की हवेशी संयोग होऊन अधिक दाहक होतात आणि त्यांत लिंबूवर्गीय तेले सर्वांत लवकर खराब होतात, म्हणून मी बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते. लिंबे स्वस्त झाली की तिसरी बाटली बाजूला ठेवून कागदी लिंबाची ताजी साल नखाने खरवडून हुंगते. तिच्यापुढे कोणतेही तेल फिके आहे. दमा असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल आणूच नये, कारण मांजराच्या यकृताला असे घटक नीट पचवता येत नाहीत.

वाफारा मी अजूनही घेते, पण पातेले स्टुलावर न ठेवता ओट्यावर, भिंतीला टेकवून ठेवते आणि डोळे मिटून घेते. निलगिरीचे दोन थेंब पुरतात. दहा टाकल्याने सर्दी लवकर जात नाही, डोळ्यांतून पाणी मात्र येते.

सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. वयाबरोबर वास कमी होत जातो आणि त्यांचाही झाला आहे. आमटीत हिंग घातला नाही अशी तक्रार त्या हिंग घातलेला असतानाही करतात. गेल्या चैत्रात मी त्यांना सकाळी माझ्याशेजारी बसायला सांगितले. लवंग त्यांना लगेच ओळखता आली, निलगिरीला त्या “बामाची बाटली” म्हणाल्या, लिंबू आले नाही. चौथ्या बाटलीवर मी ‘गुलाब’ असे लिहिले होते आणि त्यांना चष्म्याशिवाय ते वाचता येत नव्हते, म्हणून मी काही न बोलता बोळा पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. त्यांचे माहेर नंदुरबारकडचे आहे हे मला माहीत होते, पण माझ्या मनात या दोन गोष्टी कधीच जोडल्या गेल्या नव्हत्या. “हे रोशाचं तेल,” त्या म्हणाल्या, “आमचे आजोबा गुडघ्याला चोळायचे. पावसाळा सरला की डोंगराकडून भट्ट्यांचा असाच वास यायचा, आणि गुरं घरी आली की त्यांच्या अंगालासुद्धा.” मग त्या मला त्यांच्या आजोबांच्या घराबद्दल, ओसरीवरच्या पितळी दिव्याबद्दल आणि मी कधीही न ऐकलेल्या एका गाईबद्दल सांगत राहिल्या. चहा निवून गेला तरी आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

ती बाटली आता त्यांच्या उशाशी असते आणि माझ्यासाठी मी मंडईतून दुसरी आणली आहे. या वेळी चिठ्ठीवर ‘रोशा’ असे लिहिले आहे.